बागेतील दोन मिनिटे

शाळेत असताना ‘बागेतील एक तास’ या विषयावर निबंध लिहिला नाही, असा मराठी माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. आम्ही तो विद्यार्थी म्हणून लिहिला, पुढे शिक्षक म्हणून लिहवून घेतला, आणि मुख्याध्यापक झाल्यावर इतरांनी तपासलेल्या वह्यांवर सही करताना पुन्हा पुन्हा वाचला. त्या निबंधातील बाग आम्हांला तोंडपाठ आहे. तेथे नेहमी सायंकाळच असते. मंद वारा वाहत असतो, फुलपाखरे बागडत असतात, कारंजे थुईथुई नाचत असते, वृद्ध मंडळी बाकांवर विसावलेली असतात, आणि अंधार पडू लागताच लेखक जड अंतःकरणाने घराची वाट धरतो. ही बाग कोणत्या गावी आहे, हे आजवर एकाही विद्यार्थ्याने सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. तो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो वयाच्या ५५व्या वर्षी, आणि तोही मराठीच्या नव्हे, इंग्रजीच्या परीक्षेमुळे.

त्याचे असे झाले. आमच्या धाकट्या कन्येने पदवी हाती आल्यावर पुढील शिक्षणासाठी कॅनडास जाण्याचे ठरविले. आजच्या बडोद्यात ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत कोणत्याही रस्त्याने जा, ‘आयल्ट्स’च्या शिकवणीच्या पाट्या दिसतातच. १९८९पासून चालत आलेली ही परीक्षा. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी तिची चार अंगे. प्रत्येकास नऊपैकी गुण, आणि मध्ये अर्ध्या गुणाची पायरी. कन्येने निवडलेल्या महाविद्यालयाची अट अशी, की एकूण साडेसहा गुण हवेत आणि चारांपैकी कोणत्याही अंगात सहाहून कमी नकोत. जानेवारी २०२४मध्ये ती परीक्षेस बसली. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात साडेसहा; आणि बोलण्यात साडेपाच.

हा निकाल आम्हांला कोड्यासारखा वाटला. जिची बडबड थांबविण्यासाठी आम्ही आजवर वर्तमानपत्र ढालीसारखे पुढे धरीत आलो, ती मुलगी बोलण्यातच कमी पडावी? सौभाग्यवतींना मात्र गुणांपेक्षा खर्चाची चिंता. “अहो, सोळा-सतरा हजार रुपये भरलेत. आता पुन्हा भरायचे का?” असे त्यांनी दोनदा विचारले व मग गप्प बसल्या. कन्या खिडकीशी बसून होती.

“विचारलं तरी काय होतं?” आम्ही म्हणालो.

“पार्कबद्दल, बाबा.”

मग हळूहळू सर्व हकीकत बाहेर आली. बोलण्याची ही परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर एकच परीक्षक, आणि संभाषणाचे ध्वनिमुद्रण होत असते. आरंभी घर, गाव, अभ्यास, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न. मग परीक्षक एक कार्ड हाती देतो. त्यावर विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे. विचार करण्यास एक मिनिट, टिपणासाठी कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलावयाचे. शेवटी त्याच विषयाला धरून थोडी सखोल चर्चा. कन्येच्या कार्डावर होते, की तुम्हांला आवडणाऱ्या एका बागेविषयी सांगा. ती कोठे आहे, तेथे तुम्ही केव्हा जाता, तेथे काय करता, आणि ती तुम्हांला का आवडते.

“अगं, मग यात अवघड ते काय? कमाटीबागेबद्दल सांगायचंस!”

“क्लासमध्ये पार्कचं उत्तर लिहून दिलं होतं ना. तेच पाठ केलं होतं.”

आम्ही ते उत्तर म्हणून दाखविण्यास सांगितले. तिने डोळे मिटले आणि इंग्रजीत पाढ्यासारखे ते म्हटले. शहराच्या मध्यभागी एक उद्यान आहे. त्यात एक तळे आहे. तळ्यात बदके पोहत असतात. सभोवती हिरवळ आहे, शुद्ध हवा आहे, तेथे गेल्यावर मनाचा शीण नाहीसा होऊन नवा उत्साह येतो. परीक्षेत ती बदकांपर्यंत पोहोचली आणि पुढले वाक्य विसरली. चाळीस सेकंदांत सर्व आटोपले. परीक्षक सभ्य गृहस्थ असावेत. त्यांनी सहज विचारले, की त्या उद्यानात आपण अगदी अलीकडे केव्हा गेला होतात? या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेल्या कागदावर नव्हते. कन्या गोंधळली, आणि जी गप्प झाली ती पुढील चर्चेतही सावरली नाही.

आम्हांला प्रथम राग आला तो शिकवणीचा. तेथील शिक्षकांचे म्हणणे असे होते, की परीक्षक खरे-खोटे तपासत नाही, तो केवळ भाषा तपासतो. हे म्हणणे खोटे नाही. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींवर गुण ठरतात. बदके खरोखर होती की नाही, हे पाहण्यास कोणी बडोद्यास येत नाही. तथापि पाठ केलेले बोलणे कानाला तत्काळ कळते. इतकी वर्षे तोंडी परीक्षा घेतल्यावर एवढे आम्हीही सांगू शकतो, की पोपटपंचीला स्वर असतो, पण श्वास नसतो.

पुन्हा परीक्षेस बसण्याचे ठरले. मार्चमधील तारीख मिळाली. इंग्रजी शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. आमची पदवी मराठीची. परंतु निबंध हा आमचा प्रांत, अशा समजुतीने आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कन्येला घेऊन सकाळी साडेसहाला कमाटीबागेत गेलो.

बडोद्याबाहेरील वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जिला सरकारी कागदांत सयाजीबाग म्हणतात, ती आम्हां बडोदेकरांची कमाटीबाग. विश्वामित्री नदीच्या काठी सुमारे ११३ एकरांवर पसरलेली ही बाग १८७९मध्ये झाली. त्या वेळी श्रीमंत सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१च्या अखेरीस. बागेतच प्राणिसंग्रहालय आहे, आणि १८९४मध्ये पूर्ण झालेले वस्तुसंग्रहालय आहे. तेथील देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आणि मिसर देशातील ममी पाहून भ्यालेले नाही असे बडोद्याचे मूल विरळा. प्रवेशद्वाराशी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या चौकाला सारे गाव ‘काळा घोडा’ म्हणते; वर बसलेल्या महाराजांचे नाव मागे पडले आणि घोड्याचे राहिले.

एका बाकावर बसून आम्ही मनगटी घड्याळ काढले आणि म्हणालो, “हं, दोन मिनिटं. कमाटीबाग.”

कन्या इंग्रजीत म्हणाली, की ही बाग फार सुंदर आहे. येथे पुष्कळ झाडे आहेत. लोक येथे येतात. त्यांना आनंद होतो. घड्याळात वीस सेकंद झाले होते.

“बरं, इंग्रजी राहू दे. मराठीत सांग.”

“मराठीत?” ती हसली. मग थोडा विचार करून म्हणाली, “बाग छान आहे. खूप मोठी आहे. आम्ही लहानपणी यायचो.” आणि थांबली. आता पंधराच सेकंद झाले होते.

वाचकहो, त्या क्षणी आमच्या मनात लख्ख उजेड पडला. अडचण इंग्रजीची नव्हती. ज्या बागेत ही मुलगी रांगली, जिच्या फाटकाबाहेर फुग्यासाठी तिने लोळण घेतली, त्या बागेविषयी तिला कोणत्याही भाषेत काही सांगता येत नव्हते, कारण तिला ते आजवर कोणी विचारलेच नव्हते. तिची बडबड आम्ही ऐकली ती वर्तमानपत्राआडून. “हो का? बरं, बरं,” एवढेच आमचे संभाषण. वर्गात चाळीस मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे सांगणाऱ्या या मास्तरने स्वतःच्या घरात कोणाच्या शब्दांना जागा दिली नव्हती.

घरी आल्यावर हा प्रकार आम्ही चहाच्या वेळी सांगितला. आमच्या मातोश्री आता ८०च्या पुढे आहेत. त्या भाजी निवडीत होत्या. “अरे, त्यात सांगायचं काय नाही?” असे म्हणून त्यांनी जी सुरुवात केली, ती भाजी संपली तरी थांबली नाही. साताऱ्याहून लग्न होऊन त्या बडोद्यास आल्या तेव्हा त्यांना गुजराती अक्षरही कळत नव्हते. पहिल्याच आठवड्यात वडील त्यांना कमाटीबागेत घेऊन गेले. नवराबायकोने शेजारी शेजारी चालण्याची त्या काळी चाल नव्हती, म्हणून वडील चार पावले पुढे, या मागे, आणि मध्ये सोबत म्हणून पाठविलेली धाकटी नणंद. बँडच्या चौथऱ्यापाशी वडील थांबले आणि मागे न पाहताच म्हणाले, “पाय दुखले असतील तर बसा.” त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले मायेचे वाक्य. त्या रात्री आमच्या दांडिया बाजारातील घरापर्यंत सिंहाची डरकाळी ऐकू आली आणि मातोश्री घाबरून उठून बसल्या. “तेव्हा रस्त्याला आजच्यासारखा गलका नव्हता. मला वाटलं, हे कुठलं गाव बाई, इथे सिंह राहतात!”

कन्या तोंडात घातलेला घास तसाच ठेवून ऐकत होती. “आजी, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस!”

“तू विचारलंस कधी?” मातोश्री म्हणाल्या.

आम्ही घड्याळाकडे पाहिले. बावीस मिनिटे. मातोश्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही, कारण एक जुनी वही डोळ्यांपुढे येऊन राहिली. पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. आम्ही सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. सहामाहीत ‘बागेतील एक तास’ हाच निबंध होता. एका मुलाचे वडील कमाटीबागेच्या फाटकाबाहेर शेंगचण्यांची लारी लावीत. (हातगाडीला आमच्याकडे लारी म्हणतात.) त्या मुलाने लिहिले होते, की मी रोज संध्याकाळी बागेच्या बाहेर एक तास उभा राहतो. वडील पुड्या बांधतात आणि मी पैसे घेतो. रविवारी विक्री जास्त होते. पावसाळ्यात होत नाही. आतून छोट्या आगगाडीची शिट्टी ऐकू येते, ती किती वेळा वाजली हे मी मोजतो. ज्यांचे मूल रडत असते ते लोक शेंगा लवकर घेतात. आठ वाजता माणसे घरी जाऊ लागतात, तेव्हा वडील उरलेले चणे मला देतात.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. आम्ही तांबड्या शाईने त्या दुरुस्त केल्या आणि खाली शेरा लिहिला, ‘विषयाला धरून नाही. बागेचे वर्णन करावे.’ दहापैकी तीन गुण. पुढील परीक्षेत त्याने मार्गदर्शकातील निबंध जसाच्या तसा उतरविला. मंद वारा, फुलपाखरे, थुईथुई कारंजे, सर्व काही. आम्ही त्याला सात गुण दिले. आपण त्या मुलास सुधारले, असेही तेव्हा वाटले होते.

शिकवणीच्या शिक्षकांवरील आमचा राग त्या रात्री निवला. त्यांच्या तळ्यातील बदके आणि आमच्या बागेतील फुलपाखरे एकाच घरट्यातली होती. कन्येला तो कागद त्यांनी दिला खरा. परंतु कागद पाठ करावयाचा असतो आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहावयाचे नसते, ही शिकवण तिला आमच्यासारख्यांच्या शाळांनीच दहा वर्षे दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी बागेत जाऊ लागलो. नियम साधा ठेवला. आधी नुसते पाहावयाचे. मग पाहिलेले मराठीत सांगावयाचे, आणि मगच इंग्रजीत. ‘सुंदर’, ‘छान’ आणि ‘रमणीय’ या शब्दांना बंदी. एखादी गोष्ट सुंदर वाटली तर ती कशामुळे, तेवढेच सांगावयाचे. पहिले तीन-चार दिवस गाडे अडखळत चालले. पाचव्या दिवशी पुलावरून कन्येने विश्वामित्रीच्या काठी ऊन खात पडलेली मगर पाहिली. हिवाळ्याच्या दिवसांत त्या अशा काठावर येतात. मगर जबडा उघडा टाकून निश्चल पडली होती आणि तिच्यापासून वीस हातांवर एक बगळा उभा होता. त्या दिवशी कन्या पहिल्यांदा पावणेदोन मिनिटे बोलली, आणि मध्ये दोनदा हसली. “बाबा, त्यांच्या पार्कमध्ये बदकं असतात. आपल्याकडे मगरी! हे सोडून मी बदकांचं पाठ करत बसले!”

भाषेचे कष्ट त्यामुळे चुकले असे मात्र नाही. ते करावेच लागले, आणि तेथे आमचे मराठी व्याकरण अनपेक्षितपणे उपयोगी पडले. ‘आम्ही बागेत जात असू’, ‘आजी तेथे बसत असे’, हा आपला रीतिभूतकाळ. जे एकदा घडले नाही, नेहमी घडे, आणि आता घडत नाही, ते सांगण्याचा काळ. इंग्रजीत त्यासाठी ‘यूज्ड टू’ अशी रचना आहे. कन्या सर्व गोष्टी साध्या भूतकाळात कोंबीत असे. आजी बसत असे आणि आजी बसली यांतला भेद मराठीत समजताच इंग्रजीतही समजला. दुसरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ची. आपल्या भाषेत ही उपपदे नाहीत, म्हणून आपण ती वाटेल तेथे गाळतो. आम्ही तिला सांगितले, की श्रोत्याला अनोळखी असेल तोवर ‘एक’ बाग. एकदा ओळख करून दिली की ‘ती’ बाग. तिसरी खोड उच्चाराची. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांना आपण एकाच ‘व’ने उरकतो. एकासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकावे लागतात आणि दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू करावा लागतो. तलावाकाठी लाफ्टर क्लबची मंडळी हसत असत आणि अलीकडल्या बाकावर आम्ही बापलेक ओठांचे चंबू करीत असू. पाहणाऱ्यांना दोन्ही संस्था एकच वाटल्या असतील.

चर्चेच्या भागासाठीही आता बागच कामी येऊ लागली. शहरांत बागा का असाव्यात? त्यांचा खर्च कोणी करावा? प्रवेशासाठी पैसे घ्यावेत काय? कमाटीबागेत पाय ठेवण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून पहाटे कारखानदारही येतो आणि दुपारी झाडाखाली डबा सोडणारा मजूरही येतो, हे कन्येने स्वतः पाहिलेले. मग तिला मत असण्यास अडचण कसली? ज्याने खोटे उत्तर रचले त्याला दोन कामे एकदम करावी लागतात, आधी गोष्ट बनवावी लागते आणि मग ती परक्या भाषेत सांगावी लागते. ज्याने पाहिले आहे त्याचे अर्धे ओझे आधीच उतरलेले असते.

एके दिवशी काळ्या घोड्यापाशी थांबून आम्ही तिला म्हणालो, “हे महाराजही परीक्षेला बसलेलेच बरं का.” नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ हा मुलगा १८७५मध्ये बाराव्या वर्षी दत्तक येऊन बडोद्याचा राजा झाला, तेव्हा त्याला नीट लिहिता-वाचताही येत नव्हते. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले आणि त्यात इंग्रजी आलेच. त्याच राजाने पुढे १९०६मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कन्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांनाही घर सोडून यावं लागलं होतं.” आम्ही शिक्षणाचे सांगत होतो, तिच्या मनात दुसरेच चालले होते. तिच्या जाण्याविषयी आमच्या घरात गुणांचे बोलणे होई, पैशांचे होई, व्हिसाचे होई. ती जाणार आहे याविषयी कोणी बोलत नसे. त्या सकाळी आम्ही प्रथमच त्याविषयी बोललो. ते येथे लिहिण्याजोगे नाही. इतकेच सांगतो, की घरी पोहोचण्यास नऊ वाजले आणि आम्हांला नोकरीत प्रथमच शाळेस उशीर झाला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. कार्डावर बाग आलीच नाही. एखाद्या वृद्ध व्यक्तीविषयी सांगा, असा विषय होता. कन्येने एक मिनिटाच्या वेळात कागदावर केवळ दोन शब्द लिहिले, ‘आजी’ आणि ‘सिंह’. दोन मिनिटे होताच परीक्षकांनी तिला नियमाप्रमाणे थांबविले, तेव्हा आजोबा बँडच्या चौथऱ्यापाशी नुकतेच पोहोचले होते. बोलण्यात सात गुण मिळाले. सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली. मातोश्रींनी विचारले, “मग त्या साहेबाला पुढचं सांगितलंस की नाही? ‘बसा’ म्हणाले ते?”

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कन्या अहमदाबादहून विमानात बसली. त्याच महिन्याच्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या, मगरी रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणांत आल्या. घरी वीज नव्हती. वीज आली त्या रात्री कन्येचा दूरध्वनी आला. सर्वांची विचारपूस झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, बागेचं काय झालं? जाऊन बघून सांगाल?”

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. फाटक बंद होते. आत सोडीत नव्हते. मग बाहेर उभे राहूनच आम्ही पाहू लागलो. भिंतीवर पाण्याची रेघ कोठवर आली होती ते हाताने मोजले. रस्त्यावर चिखल वाळून त्याला भेगा पडू लागल्या होत्या. फाटकाबाहेर एकही लारी नव्हती. एरवी जेथे शेंगा भाजण्याचा वास असतो तेथे कुजक्या पानांचा वास होता. दूरवर वटवाघळे मात्र पूर्वीसारखीच झाडाला उलटी लटकलेली दिसत होती. रात्री हे सर्व आम्ही कन्येला सांगितले. बोलणे संपल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही अकरा मिनिटं बोललात.” आम्हांला त्या मिनिटांचे कौतुक वाटले नाही. तासभर फाटकाबाहेर उभे राहून जे दिसते तेही बागेचेच वर्णन असते, हे आम्हांला पंचवीस वर्षे उशिरा कळले होते. तो मुलगा आज कोठे आहे, ठाऊक नाही. त्याचे चार गुण आमच्याकडे बाकी आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत सातवीला निबंधाचा विषय दिला तो असा: ‘मी पाहिलेली बाग. पाहिली नसल्यास तसे लिहावे.’ वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सर, मुलं याचा गैरफायदा घेतील.” घेतलाही असेल काहींनी. एका मुलीची वही त्यांनी आमच्यापुढे आणून ठेवली. तीत दोनच ओळी होत्या. ‘मी बाग आतून पाहिली नाही. आई म्हणते, काम सुटले की नेईन, पण काम सुटते तेव्हा अंधार होतो.’

“याला गुण किती द्यायचे, सर?” बाईंनी विचारले.

आम्ही तांबडे पेन उघडले आणि पुन्हा मिटले. पुढल्या शनिवारी सकाळी सातवीचा वर्ग कमाटीबागेत गेला. निबंध सोमवारी पुन्हा घेण्यात आला.